बेल्ट आवळण्याआधी पोटात हवा भरायला शिका : कोअर आणि वेट बेल्ट, पायरी पायरीने

कंबर धरली तेव्हा माझ्या कमरेला बेल्ट होता, म्हणजे वजन उचलताना कमरेला आवळतात तो रुंद पट्टा. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण जिममध्ये नवीन आलेली पोरं पहिल्या महिन्यातच विचारतात की दादा बेल्ट कुठला घेऊ, आणि बेल्ट लावला म्हणजे कंबर सेफ असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझ्याही डोक्यात तेच होतं. ११० किलोचा डेडलिफ्ट होता, म्हणजे वजनं लावलेला रॉड जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं, तेव्हा ज्या जिममध्ये जायचो तिथल्या ट्रेनरने सांगितलेलं की पोट आत ओढ आणि बेल्ट शेवटच्या भोकापर्यंत आवळ, मी तसंच केलं, आणि दुसऱ्या रेपला, म्हणजे दुसऱ्यांदा उचलताना, रॉड गुडघ्यापर्यंत आला असेल नसेल तोच डाव्या बाजूला खाली अशी चमक गेली की रॉड हातातून सुटलाच. नंतरचे दहा दिवस चटईवर, शिंक आली तरी जीव मुठीत.

त्या दुखण्यानंतर मालवणला काकांकडे राहायला गेलो होतो. काका साठी उलटलेले, आयुष्य रापणीवर गेलेलं. रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना माणसं दोर धरून वाळूत टाचा रोवत मागे मागे सरकतात. त्या दिवशी मी फक्त काकांच्या कमरेकडे बघत बसलो. कमरेला पंचा घट्ट गुंडाळलेला. दोर ताणायच्या आधी काका नाकाने श्वास घ्यायचे, छाती जागची हलायची नाही, पण दोन्ही कुशी बाहेर यायच्या आणि पंच्याची घडी ताणून सपाट व्हायची, तेवढं झालं की मगच टाच वाळूत जायची. मी विचारलं काका पंचा कशाला बांधता, तर म्हणाले, "पोटात वारो नाय तर पट्टो बांधून काय उपेग रे?"

मला जिममध्ये दोन वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं ते या एका वाक्यात होतं. खाली जे लिहिलंय ते सगळं या वाक्याचंच सविस्तर रूप आहे, आणि पायऱ्यांचा क्रम बदलू नका ही माझी कळकळीची विनंती.

आधी बेल्ट करतो काय ते समजून घ्या

तांदळाचं पोतं डोळ्यासमोर आणा. ठासून भरलेलं पोतं उभं राहतं, वर दुसरं ठेवलं तरी राहतं. अर्धं भरलेलं पोतं मधेच वाकतं. आता त्या अर्ध्या पोत्याला मधोमध सुतळीने कितीही करकचून बांधा, वाकायचं ते वाकणारच, उलट बांधलंय तिथेच लवकर वाकेल. भरलेल्या पोत्याला सुतळी बांधली की मात्र ते दगडासारखं कडक होतं. तुमचं धड म्हणजे ते पोतं आणि बेल्ट म्हणजे सुतळी.

या पोत्याला वरचं झाकण आहे, श्वासपटल. खालचा तळ म्हणजे ओटीपोटाच्या खालचे स्नायू, ज्यांना पेल्विक फ्लोअर म्हणतात. भोवतीने पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आणि कुशीतले तिरके स्नायू, मागे मणक्यांना चिकटून असलेले छोटे छोटे स्नायू. खोल श्वास घेतला की श्वासपटल खाली उतरतं, चहूबाजूंचे स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो आणि तो दाब कण्याला आतून आधार देतो. बेल्ट या पोटाला बाहेरून एक भिंत देतो, तुम्ही भिंतीवर रेटा देता, भिंत मागे हटत नाही, म्हणून आतला दाब अजून चढतो. रेटा तुमचा आहे, बेल्टचा नाही. म्हणून पोट आत ओढून बेल्ट आवळणं हे उरफाटं काम आहे, आणि माझ्या कमरेने त्याची किंमत दिली.

पायरी १ : श्वास (एक आठवडा, रोज ५ मिनिटं)

चटईवर पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, पावलं जमिनीवर. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधे जो मऊ भाग असतो, कुशीचा, तिथे दोन्ही हातांचे अंगठे मागे आणि बोटं पुढे अशी पकड घ्या. नाकाने हळू श्वास आत. बोटं पुढे आणि बाजूला ढकलली गेली पाहिजेत, आणि अंगठ्यांना सुद्धा मागून रेटा जाणवला पाहिजे. बहुतेकांचं फक्त पोट वर येतं, कुशी आणि मागची बाजू मेलेलीच असते. काहींचे तर खांदेच कानापर्यंत जातात. घाई नको, तिसऱ्या चौथ्या दिवशी कुशी जागी होते.

कुशी हलायला लागली की आवळणं शिका. श्वास भरा आणि हळूच एकदा खोका. खोकताना बोटांखाली जे टणक झालं ते तसंच धरून ठेवायचं. पोट आत नाही, बाहेरही फुगवायचं नाही, कुणी पोटात बोट खुपसणार आहे असं कळल्यावर आपण जसं घट्ट होतो तसं. हे धरून ठेवून १ ते १० मोजता आलं पाहिजे मोठ्याने. मोजताना पोट सैल पडत असेल तर अजून आठवडाभर हेच करा, लाज कसली.

मग तेच बसून, मग उभं राहून. उभं राहिल्यावर एक चूक हमखास होते, छाती पुढे काढून बरगड्या वर उचलल्या जातात आणि कमरेत बाक येतो. त्याने श्वासपटल तिरकं होतं आणि दाब पुढून निसटतो. बरगड्या खाली, ओटीपोटाच्या बरोबर वर. झाकण तळाच्या समोरासमोर हवं.

पायरी २ : कोअर (पुढचे ६ आठवडे, आणि खरं तर कायमच)

कोअर, म्हणजे वर सांगितलेले धडाभोवतीचे सगळे स्नायू, म्हटलं की लोक सिटअप्सवर तुटून पडतात. वजन उचलताना धडाचं काम वाकणं नाही तर न वाकणं, न वळणं, न कलंडणं हे आहे, मग व्यायामही तसलेच हवेत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्यावर अनेक वर्षं संशोधन केलेले प्रोफेसर स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम जगभर प्रसिद्ध आहेत, मी दुखण्यानंतर याच तिघांपासून सुरू केलं.

पहिला कर्ल-अप. पाठीवर झोपायचं, एक पाय सरळ, एक गुडघा दुमडलेला, दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत, म्हणजे कंबर सपाट होणार नाही. आता डोकं आणि खांदे जमिनीपासून अगदी थोडे उचला, डोक्याखालून कागद सरकवता येईल एवढंच समजा. १० सेकंद धरा. बघणाऱ्याला वाटेल काहीच करत नाहीये, पण नीट आवळलं असेल तर तिसऱ्या वेळेला पोट थरथरतं.

दुसरा साइड प्लँक, म्हणजे एका कुशीवर होऊन कोपराच्या टेकूवर कंबर उचलून धरायची. सुरुवात गुडघे टेकवून करा, मग पाय सरळ. तिसरा बर्ड डॉग, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. बर्ड डॉगला कमरेवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून करा, पाय जितका वर तितकं भारी असं अजिबात नाही, टाच मागच्या भिंतीकडे ढकलायची, छताकडे नाही. तिन्ही व्यायामांत प्रत्येक वेळी ८-१० सेकंदच धरायचं, पहिल्या सेटला ६ वेळा, मग ४, मग २. एकदाच दोन मिनिटं धरून थरथरत पडण्यापेक्षा थोडं थोडं धरून आकडे वाढवणं चांगलं. तीन तीन मिनिटं प्लँक धरण्याच्या पैजा लागतात, त्यातून शेवटी कमरेचा झोळच पडतो, आणि झोळ पडलेल्या कमरेने धरायची सवय आपल्याला लावायची नाहीये.

यात डेड बग घाला. पाठीवर झोपून हात आणि गुडघे वर, विरुद्ध हात-पाय हळूहळू खाली, कंबर जमिनीवरून एक मिलिमीटरही उचलली जाता कामा नये, उचलली गेली की तिथेच थांबा, तीच तुमची आजची मर्यादा. खिडकीच्या गजाला रबर बँड बांधून बाजूला उभं राहायचं, बँड छातीशी धरून हात समोर सरळ करायचे आणि बँड आपल्याला खिडकीकडे वळवायला बघेल त्याला वळू द्यायचं नाही, हा पॅलॉफ प्रेस, हा पण चांगला.

पण मला विचाराल तर आपल्याकडे घरात सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कामाचं म्हणजे एका हातात वजन घेऊन चालणं. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा कॅन, म्हणजे पाणीच २० किलो, एका हातात घ्या आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० पावलं चाला. कॅन उजव्या हातात असेल तर डाव्या कुशीला कळतं काम काय असतं. खांदे समांतर, कॅन मांडीला घासायचा नाही, पावलं छोटी आणि सावकाश, श्वास चालू. हात बदला. दोन्ही बाजू मिळून ४-५ फेऱ्या. पावसाळ्यात खळं शेवाळाने निसरडं होतं तेव्हा पडवीत करा, भिजलेल्या चिऱ्यावर वजन घेऊन चालू नका. कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून चढण चढणाऱ्या आपल्या आज्या बघितल्यात ना, त्यांनी हाच व्यायाम जन्मभर केला.

पायरी ३ : रॉडखाली, पण बेल्टशिवाय

हे सगळे व्यायाम करून रॉडखाली गेल्यावर पोट सैल सोडलं तर काही उपयोग नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. आधी झाडूची काठी पाठीला उभी लावा, डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली. आता गुडघे जरासे सैल सोडून खुब्यातून मागे जा, ढुंगणाने मागचं दार लोटतोय असं. तीनपैकी एक जरी टेकू सुटला तरी कणा वाकला. रोज १०-१५ वेळा.

स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन बैठक मारण्याचा, क्रम असा : उभं राहून श्वास कुशीत भरा, आवळा, खाली जा, वर या, सगळ्यात अवघड जागा ओलांडली की हळू सोडा, वर परत भरा. प्रत्येक रेपला नवा श्वास. डेडलिफ्टला श्वास रॉडकडे वाकायच्या आधी उभं असतानाच भरायला मला बरं वाटतं, कारण खाली वाकलेल्या अवस्थेत पोट दुमडलेलं असतं आणि हवा नीट उतरत नाही, पण काहींना खाली जमतं. जमिनीवर रॉड टेकला की दोन सेकंद थांबून परत सगळं नव्याने. आपटून उसळी घेऊन रेप काढले की तिसऱ्या रेपला पोटात काही उरलेलं नसतं.

बेल्ट कधी घ्यायचा? माझं मोजमाप असं आहे की स्वतःच्या वजनाएवढा स्क्वॉट आणि त्याहून थोडा जास्त डेडलिफ्ट ५-५ रेप स्वच्छ निघेपर्यंत बेल्टवर पैसे घालू नका. बऱ्याच जणांना यासाठी सहा महिने सहज लागतात.

मधेच महत्त्वाचं : कुणाकुणाने श्वास रोखून वजन उचलायचं नाही

श्वास रोखून जोर लावला की ब्लड प्रेशर झटकन चढतं, बेल्टने अजून. त्यामुळे ज्यांना बीपी आहे, हृदयाचा काही त्रास आहे, हर्निया म्हणजे अंतर्गळ आहे किंवा त्याचं ऑपरेशन झालंय, काचबिंदू आहे, ज्या बायका गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्यात, त्यांनी डॉक्टरला स्पष्ट विचारल्याशिवाय बेल्ट आणि श्वास रोखणं दोन्ही करू नये. बाकीच्यांनाही चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रॉड रॅकवर ठेवून खाली बसायचं. दुखणं कमरेतून पायात गुडघ्याखाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टर. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

पायरी ४ : बेल्ट निवडणं

स्क्वॉट-डेडलिफ्टसाठी सगळीकडे सारख्या रुंदीचा चामड्याचा बेल्ट. मागे रुंद आणि पुढे निमुळते बेल्ट दुकानात ढिगाने मिळतात, पण रेटा पुढूनही द्यायचाय ना, मग पुढची भिंत अरुंद का? ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगवाले निमुळता वापरतात कारण त्यांना खोल बसावं लागतं आणि रुंद बेल्ट बरगडीत रुततो, तो वेगळा विषय. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमात बेल्ट जास्तीत जास्त १० सेंटिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर जाड चालतो, वेटलिफ्टिंगमध्ये रुंदी १२ सेंटिमीटरपर्यंत. पहिल्या बेल्टला १० सेंटिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड हे पुरे. १३ चा बेल्ट सुरुवातीला लाकडासारखा असतो आणि महिनाभर बरगड्यांवर वळ उठवतो. उंची कमी असेल, बरगडी आणि खुबा यांच्यात जागाच नसेल तर साडेसात सेंटिमीटरचा घ्या.

बक्कल : एका काट्याचा लावायला सोपा. दोन काट्यांचा घामेजल्या हातांनी लावताना वैताग येतो आणि फायदा विशेष नाही. लिव्हरचा एका झटक्यात लागतो आणि सुटतो पण मापात बदल करायचा तर स्क्रूड्रायव्हर काढावा लागतो, आणि पोटभर भात-आमटी जेवून गेलात की सकाळचं माप संध्याकाळी चालत नाही. व्हेल्क्रोचा नायलॉनचा बेल्ट हलक्या कामाला, उड्या-धावणं मिसळून व्यायाम असेल तर ठीक. माप घेताना पँटची साइज सांगू नका, बेंबीच्या रेषेत टेपने मोजा, आणि तुमचं माप मधल्या भोकावर येईल असा घ्या.

पायरी ५ : लावणं

बेल्ट बरगड्या आणि खुबा यांच्या मधे, साधारण बेंबीवर. डेडलिफ्टला बरेच जण बोटभर वर घेतात म्हणजे वाकताना मांडीत रुतत नाही. नेहमीसारखा श्वास सोडा, बेल्ट लावा, बेल्ट आणि पोटात एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. आता कुशीत श्वास भरा. बेल्ट पुढून, बाजूंनी आणि मागून सगळीकडे सारखा घट्ट लागला तर माप बरोबर. श्वास पोटात उतरतच नाही, छातीतच अडकतो, तर एक भोक सैल करा. खांबाला बेल्ट अडकवून मित्राकडून ओढून घेणारे बघितलेत मी, त्यांचं धड अर्ध्या पोत्यासारखंच राहतं.

पहिले दोन-तीन आठवडे वजन वाढवायचं नाही. जे वजन बेल्टशिवाय आरामात निघतं तेच बेल्ट लावून उचला आणि फक्त रेटा शिका. बेल्ट लावल्याबरोबर रॉड हलका वाटतो आणि लगेच दोन प्लेट चढवायचा मोह होतो, तो आवरा.

कुठल्या सेटला लावायचा? समजा तुमचा एका रेपचा जास्तीत जास्त स्क्वॉट १०० किलो आहे. रिकामा रॉड, ४०, ६०, ७० हे सगळे बेल्टशिवाय. ८० आणि पुढे बेल्ट. सेट झाला की सैल करा, दोन सेटच्या मधे आवळून फिरू नका. बायसेप, लॅट पुलडाऊन, ट्रेडमिल याला बेल्टचं काहीच काम नाही, उभ्याने डोक्यावर रॉड ढकलताना जड सेटला चालतो. बेल्टने पोटाचे स्नायू झोपत नाहीत, रेटा द्यायला त्यांनाच जागं राहावं लागतं, पण पहिल्या वॉर्मअपपासून शेवटपर्यंत बेल्टच लावला तर बेल्टशिवाय आवळायचं विसरायला होतं. मी आठवड्यातला एक दिवस पूर्ण बेल्टशिवाय ठेवतो, वजन थोडं कमी घेऊन.

अजून एक, कारण हे मला दर सीझनला विचारलं जातं. आंब्याच्या पेट्या चढवणारे, रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचे क्रेट उचलणारे माझे मित्र दिवसभर कमरेचा पट्टा लावू का म्हणून विचारतात. अमेरिकेतली कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी सरकारी संस्था नायॉश हिने १९९४ मध्येच सांगितलं होतं की धडधाकट कामगाराला अशा पट्ट्याने दुखापत टळते याचा पुरावा नाही, आणि त्याच संस्थेचा २००० साली ९ हजारांहून जास्त दुकान कामगारांवरचा अभ्यास आला त्यातही पट्टा लावणाऱ्या आणि न लावणाऱ्यांत फरक दिसला नाही. जिममध्ये तुम्ही एका रेपसाठी श्वास भरून रेटा देता, दिवसभराच्या हमालीत प्रत्येक पेटीला तसं करणं शक्यच नसतं. तिथे पेटी अंगाला चिकटून धरणं, कमरेतून न वळता पाय वळवणं, ओला जड क्रेट दोघांनी उचलणं हेच कामाला येतं, आणि पायरी २ मधला पाण्याचा कॅन.

पायरी ६ : आपल्या हवेत बेल्ट टिकवणं

कोकणात जून ते सप्टेंबर चामड्याचा बेल्ट बॅगेत ठेवला तर आठवड्यात पांढरी बुरशी येते, माझ्या पहिल्या बेल्टला आली. व्यायाम झाला की कोरड्या फडक्याने आतली बाजू पुसा, आणि घरी वारा लागेल अशा खुंटीवर टांगा, कपाटात नको, उन्हात नको, चुलीच्या वर तर अजिबात नको, चामडं तडकतं. बुरशी आलीच तर बेल्ट बाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झाडा, मग व्हिनेगरमध्ये ओलसर केलेल्या फडक्याने पुसून सावलीत दोन दिवस वाळवा. खोबरेल चोपडायचा सल्ला खूप जण देतात, मी नाही देणार, तेलाने चामडं लुसलुशीत होतं आणि भिंत कडक हवी. बक्कल खाऱ्या हवेने गंजतं, त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा. व्हेल्क्रोवाल्यांनी बेल्ट घेऊन वाळूत बसू नका, वाळू आत गेली की पकड गेलीच. आणि दर दोन-तीन महिन्यांनी बेल्ट उलटा वाकवून भोकांच्या आजूबाजूला चीर पडलीय का, रिव्हेट हलतंय का बघा, चीर दिसली तर त्या दिवसापासून तो बेल्ट जड सेटला लावायचा नाही.